कावीळ एक, तपासण्या तीन: सोनोग्राफी, एमआरसीपी आणि आता सीटी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: सासरे ६८ वर्षांचे. दहा-बारा दिवसांपासून कावीळ, अंगाला खाज, पोटात दुखणं मात्र नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पित्तनलिका १३ मिलिमीटर फुगलेली आढळली, पण तिचं खालचं टोक गॅसमुळे दिसलं नाही. मग एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या वाटांचा एमआरआय, झाली. नलिकेत खडा नाही, टोकाशी ती अचानक अरुंद झाली आहे. आता सोमवारी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून टोचायचं औषध, देऊन सीटी स्कॅन सांगितलाय. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, 'सगळ्यात भारी मशीनवर पहिल्याच दिवशी एकदाच का नाही केलं? की कमिशनसाठी फिरवताहेत?'

कमिशनचं आधी बोलून टाकते. मी पंचवीस वर्षं रेडिओलॉजी करते आहे, तेव्हा कट प्रॅक्टिस नसते असं सांगायला माझी जीभ धजणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या क्रमात मला ती दिसत नाही. हेच सासरे माझ्या टेबलावर आले असते तर मीही याच वाटेने गेले असते, आणि सोमवारचा सीटी टाळा असंही सांगितलं नसतं. का, ते जरा सविस्तर सांगते. तुमच्या प्रश्नातला 'भारी मशीन' हा शब्द रोज कुणीतरी माझ्यासमोर उच्चारतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लोकांच्या डोक्यात एक उतरंड असते. एक्स-रे म्हणजे एसटीचा लाल डबा, सोनोग्राफी निमआराम, सीटी-एमआरआय म्हणजे शिवनेरी. पैसे असतील तर सरळ शिवनेरीने जावं. पण लाल डबा आणि शिवनेरी शेवटी एकाच पुण्याला पोचतात. इथे प्रत्येक गाडी वेगळ्या गावाला जाते. एक्स-रे आणि सीटी बघतात ते शरीराचा कोणता भाग किरणांना किती अडवतो ते. सोनोग्राफी आवाज पाठवते आणि प्रतिध्वनी कुठून, किती जोरात परत आला ते ऐकते. एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनला चुंबकाच्या जोरावर बोलतं करतो. पेट स्कॅन विचारतो, शरीरात साखर जास्त कोण खातंय? हे चार वेगळे प्रश्न आहेत. चौथ्या प्रश्नाचं उत्तर महाग आहे म्हणून ते पहिल्या प्रश्नाला लागू पडत नाही.

तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत इतके छान दिसतात की शिकाऊ डॉक्टरलाही चुकवता येत नाहीत. काळ्या पित्तात पांढरा ठिपका, त्याच्यामागे खडूने आखल्यासारखी काळी सावली, आणि रुग्णाला कुशीवर वळवलं की ठिपका घरंगळतो. हाच खडा सीटीमध्ये कधी कधी दिसतच नाही. कोलेस्टेरॉलच्या खड्याची आणि भोवतालच्या पित्ताची घनता जवळपास सारखी असली की तो पाण्यातल्या काचेसारखा हरवतो. आता मूत्रमार्गातल्या खड्याचं बघा. तिथे उलटं आहे. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात अडकलेला चार मिलिमीटरचा खडा सोनोग्राफीला आतड्याआड सापडता सापडत नाही, युरिक ॲसिडचा असेल तर एक्स-रेत उमटत नाही, पण कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या साध्या सीटीत टपोरा पांढरा दिसतो. दोन्ही खडेच. एकाला स्वस्त मशीन चांगलं, दुसऱ्याला महाग.

आता गॅसबद्दल. 'गॅसमुळे दिसलं नाही' हे वाक्य वाचून नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरने आळस केला. कधी केलेलाही असतो. पण आवाजाची लहर हवेपाशी आली की जवळजवळ सगळीच्या सगळी परत फिरते, पलीकडे काही पोचत नाही. म्हणून तर आम्ही पोटावर ते थंडगार जेल चोपडतो: प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थरही राहू नये. पित्तनलिका यकृतातून निघून खाली स्वादुपिंडाच्या डोक्यात शिरते आणि लहान आतड्यात उघडते. वरचा भाग यकृताच्या आडोशाने स्वच्छ दिसतो. खालचे तीन-चार सेंटिमीटर नेमके आतड्याच्या वळणामागे, आणि आतड्यात हवा असायचीच.

अशा वेळी मी काय करते? आधी श्वास भरून धरायला सांगते, म्हणजे यकृत खाली सरकून खिडकीसारखं समोर येतं. मग डाव्या कुशीवर, मग बसवून. प्रोब हळूहळू दाबत नेते, गॅस बाजूला सरतो. आजोबा कण्हतात, 'अहो ताई, जरा दमानं.' तरीही जमलं नाही तर दोन ग्लास पाणी पाजते आणि दहा मिनिटांनी परत घेते. पोटातलं पाणी काळ्या स्वच्छ काचेसारखं होतं आणि त्यातून स्वादुपिंडाचं डोकं कधी कधी अचानक समोर येतं. कधी येतं, कधी नाही. नाही आलं तर 'दिसलं नाही' असं लिहिणारा डॉक्टर प्रामाणिक. मी ज्याला घाबरते तो 'पित्तनलिकेचं टोक नॉर्मल' असं न बघता ठोकून देणारा.

तरी त्या सोनोग्राफीने तुमचं निम्मं काम करून दिलंय, हे लक्षात घ्या. कावीळ दोन प्रकारची असते. एकात यकृतच आजारी असतं: विषाणू, दारू, एखादं औषध. दुसऱ्यात यकृत ठीक, पण पित्त उतरायची वाट तुंबलेली. पहिल्याला फिजिशियन लागतो, दुसऱ्याला बहुतेक वेळा कुणीतरी ती वाट मोकळी करून द्यावी लागते. पित्तनलिका साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंत असते, म्हातारपणी किंचित जास्त. १३ म्हणजे तुंबलेली. हे उत्तर सुई न टोचता, किरणं न देता, वीसेक मिनिटांत मिळालं. गावाकडे अजूनही दहा-दहा दिवस काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन मग लोक येतात. तुम्ही वेळेवर सोनोग्राफी केलीत, ते फार बरं केलंत.

पुढचा प्रश्न असा की कुठे तुंबलंय आणि कशाने. पित्ताशयात खडे होते, तेव्हा एखादा घसरून नलिकेत अडकला असेल हा पहिला संशय. तिथे एमआरसीपी बिनतोड. हा एमआरआयचाच प्रकार आहे, पण त्यात यंत्र अशा रीतीने लावतात की साचून राहिलेला द्रव तेवढा पांढराशुभ्र दिसावा आणि बाकी सगळं अंधारात जावं. ना कॉन्ट्रास्ट, ना किरणं. काळ्या पार्श्वभूमीवर पित्ताच्या वाटा पानगळ झालेल्या झाडासारख्या उभ्या राहतात. खडा असेल तर त्या पांढऱ्या फांदीत काळं भोक. सासऱ्यांच्या चित्रात भोक नाही, फांदी टोकाशी एकदम निमुळती झाली आहे.

एमआरसीपी इथे थांबते. तिने पाण्याचा नकाशा काढला. नदी कुठे आटली ते कळलं, धरण कशाचं ते नाही. ते बघायला नलिकेबाहेरचं मांस बघावं लागतं, आणि त्यासाठी सीटी.

ताई, सीटी कशासाठी आहे हे मी गोड करून सांगणार नाही. या वयात, दुखणं नसलेली कावीळ आणि टोकाशी अरुंद झालेली नलिका, यात स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा नलिकेच्या तोंडाशी असलेली गाठ शोधावीच लागते. पण शोधणं म्हणजे सापडणं नव्हे. खडा घसरून आतड्यात गेला आणि मागे सूज राहिली, असं होतं. जुन्या सुजेचा व्रण असतो. स्वादुपिंडाची एक सूज अशी आहे की ती हुबेहूब गाठीचं सोंग घेते आणि स्टेरॉइडने विरघळते. यातलं काय आहे, हे एमआरसीपीच्या रिपोर्टवरून कुणीही ठामपणे सांगू शकत नाही, मीही नाही.

या सीटीत शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देतात आणि एकदाच नाही, ठरावीक सेकंदांच्या अंतराने परत परत चित्रं घेतात. इंजेक्शननंतर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी स्वादुपिंड रक्ताने उजळतं. बहुतेक गाठी त्या क्षणी उजळत नाहीत, करड्या राहतात. सत्तर सेकंदांच्या आसपास यकृत उजळतं, तिथे काही पसरलंय का ते कळतं. त्याच चित्रांत सर्जन बघतो ती गोष्ट वेगळीच: आतड्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीभोवती आणि तिच्या शेजारच्या शिरेभोवती चरबीचा काळा गोल शाबूत आहे का. शाबूत असेल तर ऑपरेशनचा विचार करता येतो. गाठीने धमनीला मिठी मारली असेल तर बेत बदलतो. एवढा बारीक हिशेब पोटातल्या हवेपलीकडून सोनोग्राफीला झेपत नाही.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कावीळ उतरवायला दुर्बिणीतून नलिकेत नळी टाकतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. ती शक्यतो सीटीनंतर करावी. आधी नळी टाकली की नलिका आकसते, नळीची सावली मध्ये येते, आणि त्या प्रक्रियेने स्वादुपिंडाला थोडी सूज आली तर गाठ कुठली आणि सूज कुठली हे ओळखणं आमच्या हाती उरत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी सीटी लावला, तो क्रम मला जाणत्याचा वाटतो. अपवाद एकच, त्यावर शेवटी येते.

मग पहिल्याच दिवशी सीटी केला असता तर? काय शोधायचंय हे माहीत नसताना केलेला सीटी बहुधा साधा, एका टप्प्याचा झाला असता. त्यात 'नलिका फुगलेली, पुढील तपासणी करावी' असं आलं असतं, आणि तुम्ही परत त्याच टेबलावर झोपला असता. आमच्या धंद्यात चिठ्ठीवरची एक ओळ मशीनच्या किमतीपेक्षा मोलाची असते. 'सीटी ॲबडोमेन' एवढंच लिहून आलेली चिठ्ठी आणि 'दुखणं नसलेली कावीळ, खालचं टोक अरुंद, स्वादुपिंडाचं डोकं बघावं' अशी चिठ्ठी, या दोघींनी मशीन वेगळं चालतं. नुसता 'पोटदुखी' हा शब्द वाचला की मी खुर्चीतून उठून रुग्णाशीच बोलायला जाते.

सीटीचा विषय निघालाय तर एक गंमत सांगते. हे यंत्र बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने, ईएमआय कंपनीत. हो, तीच ईएमआय, जिच्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या तबकड्या आपल्या आजी-आजोबांकडे असायच्या. पहिला रुग्ण १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात स्कॅन झाला, तोही फक्त मेंदूचा. १९७९ मध्ये हाउन्सफील्डला ॲलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं. त्याच्या नावाचं एकक आम्ही रोज वापरतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उण्याच्या बाजूला, ताजं साकळलेलं रक्त पन्नास-सत्तरच्या घरात, हाड कित्येक शेकडे. म्हणजे सीटीतला प्रत्येक करडा ठिपका हा एक आकडा असतो. 'हे पाणी की रक्त?' हे डोळ्याने ठरवायचं नाही, कर्सर ठेवून मोजायचं.

आणि मेंदूच्या बाबतीत हे अजून पहिल्या दिवसाइतकंच कामाचं आहे. पहाटे कुणाचा तरी हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, घरचे धावत आणतात. आम्ही साधा सीटी करतो, पाच मिनिटांत होतो, आणि मी सांगते, 'सीटी नॉर्मल आहे.' मुलगा चिडतो: 'नॉर्मल कसा? बाबा बोलत नाहीयेत. मग एमआरआयच का नाही केला?' अशा वेळी मला त्याला खुर्चीवर बसवून सांगावं लागतं की नॉर्मल हीच बातमी मला हवी होती. अर्धांगवायू रक्तस्रावाने होतो किंवा गुठळीने. रक्तस्राव असता तर सीटीत तत्क्षणी पांढरा दिसला असता. तो नाही, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देण्याचा विचार करता येईल, आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गुठळीने मेलेला भाग सीटीत पहिले काही तास उमटत नाही, एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात काही मिनिटांतच चमकतो, हे खरं. पण त्यासाठी आवाज करणाऱ्या बोगद्यात, गोंधळलेल्या रुग्णाला स्थिर ठेवून, खिशातली किल्ली आणि अंगातला पेसमेकर तपासून घालवलेली अर्धी घटका कधी कधी एका हाताच्या मोलाची असते. जिथे एमआरआय हाताशी आहे आणि माणसं तयार आहेत, तिथे तो आधी करतातही.

किल्लीवरून आठवलं. एमआरआयच्या दारावरचा आमचा वॉर्डबॉय ओरडला तर राग मानू नका. नेहमीच्या मशीनचं चुंबक दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि ते रात्री दिवे मालवल्यावरही चालूच असतं. २०१८ मध्ये मुंबईत एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन आत गेला आणि प्राणाला मुकला.

'एकदाच सगळं करून टाका' याला माझा विरोध फक्त पैशासाठी नाही. शोधलं की काहीतरी सापडतंच. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचं एक मोठं संकलन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या मणक्यातली चकती फुगलेली निघाली आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. यांना काहीही होत नव्हतं! असा रिपोर्ट हातात पडलेला माणूस मात्र उद्यापासून बादली उचलायला घाबरतो. २०२१ च्या कोरोना लाटेत तर लोक छातीचा एचआरसीटी स्वतःच करून यायचे आणि २५ पैकी किती 'स्कोअर' आला ते परीक्षेच्या मार्कांसारखं सांगायचे; ऑक्सिजन किती आहे ते विचारलं की गप्प. पेट स्कॅनचंही तसंच: कर्करोगाची गाठ साखर खाते म्हणून उजळते, पण क्षयाची गाठही तशीच उजळते, आणि आपल्या देशात क्षय किती हे सांगायला नको. सासऱ्यांना पेट लागेल का, ते सीटीनंतर ठरेल. आज कुणी सुचवलं तर का, ते विचारा.

किरणांची चिंता तुम्ही लिहिलेली नाही, तरी घरात कुणीतरी काढेलच. निसर्गातून आपल्याला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मिळतात. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ पेक्षाही कमी. पोटाच्या सीटीत एका टप्प्याला ८-१० च्या आसपास, दोन-तीन टप्पे असतील तर त्या मानाने जास्त. दहा वर्षांच्या मुलाचं पोट दुखत असेल तर मी आधी सोनोग्राफीच करीन, आणि अपेंडिक्स सहा मिलिमीटरपेक्षा जाड, दाबूनही न दबणारं दिसलं तर बहुधा तिथेच थांबेन. ६८ वर्षांच्या माणसाच्या तुंबलेल्या काविळीत हा हिशेब सीटीच्या बाजूने झुकतो, त्यात मला शंका नाही.

किरणांपेक्षा मूत्रपिंड बघा. सोमवारी जाताना अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या. काविळीत मूत्रपिंडं तशीही नाजूक झालेली असतात, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांना पाणी व्यवस्थित पाजा. उपाशी किती तास राहायचं ते सेंटरला विचारा, उगीच रात्रभर कोरडं ठेवू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल, दमा असेल, तर हे टेबलावर झोपण्याआधी सांगा, नंतर नव्हे. इंजेक्शन जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. हे आधी सांगून ठेवलं की आजोबा दचकून हलत नाहीत, आणि हलले नाहीत की चित्र चांगलं येतं. 'श्वास घ्या, धरून ठेवा' ही सूचना काही मशीनमध्ये रेकॉर्ड केलेल्या हिंदीत किंवा इंग्रजीत वाजते. ऐकायला कमी येत असेल तर टेक्निशियनला मराठीत समजावून सांगायला लावा, आणि घरी दोनदा सराव करून घ्या.

सोबत आधीची सोनोग्राफी आणि एमआरसीपी, नुसते रिपोर्ट नाही, फिल्म आणि सीडीसुद्धा. शक्य असेल तर वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला स्वतः भेटा. सीटीत गाठ दिसली तरी ती कशाची हे तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि काहीच दिसलं नाही तर पुढे दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी येईल. तिथे प्रोब थेट आतड्यातून स्वादुपिंडाला टेकतो, मध्ये गॅसची कटकटच नाही, आणि तिथूनच सुईने तुकडाही घेता येतो. ती चौथी तपासणी कुणी सांगितली तर आजच्यासारखं चिडू नका.

आता तो अपवाद. तुंबलेल्या पित्तात जंतू शिरले की सगळा क्रम बाजूला पडतो. थंडी वाजून ताप भरला, ते बडबडायला लागले किंवा सुस्त पडले, लघवी कमी झाली, तर सीटीची अपॉइंटमेंट सोमवारची आहे म्हणून थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्यांना ईआरसीपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.